आतल्या बाजूची शिलाई

२ ऑगस्ट

डॉक्टरबाईंना नमस्कार,

मी तुमच्या संघातल्या सात नंबरच्या मुलीचा बाप. पालकांच्या मीटिंगला मागच्या रांगेत एक माणूस सारखा खोकत होता आणि तुम्ही बोलणं थांबवून त्याला पाणी आणून दिलंत, तो मी. तिला आम्ही घरी भिंगरी म्हणतो. लहान असताना माझ्या शिवणाच्या खोलीत चिंध्यांचा बोळा पायाने ढकलत ती अशा गिरक्या घ्यायची, की कात्री हातात धरून मी बघत बसायचो. पुढे त्या बोळ्याचा फुटबॉल झाला आणि माझं काम मागे पडायला कायमचं निमित्त मिळालं.

मीटिंगमध्ये तुम्ही एक गोष्ट सांगितलीत, ती डोक्यातून जात नाही. खेळाडूच्या मनात काळजी असली की ती गुडघ्यात उतरते, असं म्हणालात. मांड्या आखडतात, नजर आजूबाजूचं उशिरा टिपते, पाय पडायला हवा तसा पडत नाही, आणि कोणी हातही लावलेला नसताना गुडघा जातो. शेजारचे दोघे पालक हसले. मला हसू आलं नाही. माझी मुलगी अख्खी त्या एका गिरकीवर उभी आहे.

आता मुद्द्याचं सांगतो. मला घशाचा आजार झालाय, आणि तो साधा नाही. एरवी वसकन अंगावर येणारे दवाखान्यातले डॉक्टर माझ्याशी गोड बोलायला लागले, तेव्हाच मी काय ते समजलो. हे तिच्या आईला माहीत आहे, मला माहीत आहे आणि आता तुम्हाला. भिंगरी तिकडे संघाच्या वसतिगृहात, तिला माहीत नाही, आणि यंदाची फुटबॉलची स्पर्धा संपेपर्यंत कळू द्यायचं नाही. फोनवर माझा आवाज ऐकला तर ती एका शब्दात ओळखेल. म्हणून तिच्याशी आई बोलते आणि मी मागे मशीन चालवत बसतो. तिला वाटतं, बाबांना शाळेच्या गणवेशांची घाई आहे. पोरगी मशीनचा आवाज ऐकून खूश असते. मी तिला पत्रं लिहितो. पत्राला घसा नसतो, ते एक बरं आहे.

तुमच्याकडून एवढंच हवंय. तिच्यावर लक्ष ठेवा आणि ती ठीक आहे ना, ते मला अधूनमधून कळवा. अक्षराला हसू नका. जन्मभर कापडावर खडूने लिहिलंय, कागदाची सवय नाही.

आपला,
भिंगरीचा बाप

*

९ ऑगस्ट

काका, नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे. मुली मला फिजिओताई म्हणतात आणि माझी पाठ वळली की मुरगळबाई.

काका, तुम्ही माझ्या बोलण्यातलं अर्धंच घरी घेऊन गेलात. काळजी गुडघ्यात उतरते हे खरं. पण घरात काहीतरी चाललंय आणि आपल्याला कोणी सांगत नाही, ही काळजी सगळ्यात वाईट. सांगितलं की माणूस रडतो, दोन दिवस खेळत नाही, मग पाय पुन्हा जमिनीवर येतो. मी तिला सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तुम्ही सांगावं असं मला मनापासून वाटतं.

तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंत, म्हणून आमची पद्धत सांगते. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी खुंट्या आहेत, प्रत्येकीचा नंबर लिहिलेल्या. रोज सरावाआधी मुलीने आपल्या खुंटीवर फीत अडकवायची. मन ठीक असेल तर हिरवी, कुरबुर असेल तर पिवळी, आणि आज नकोच असं वाटत असेल तर लाल. लाल फीत असेल तिला मी पळता पळता थांबायचे आणि वळायचे व्यायाम देत नाही, नुसतं चालायला पाठवते. कारण विचारायचं नाही, हा माझा नियम. विचारायला लागलं तर कोणी खरं लावणार नाही.

भिंगरीची फीत रोज हिरवी असते.

काळजी घ्या. पाणी थोडं थोडं, पण सारखं प्या.

तुमची,
फिजिओ

*

२१ ऑगस्ट

फिजिओताई,

हिरवी फीत वाचली आणि त्या दिवशी दोन चमचे जास्त गिळले. तिच्या आईलाही दाखवलं. आता ती सकाळी उठल्यावर माझ्याआधी फितीची चौकशी करते, जसं काही ती आमच्याच खुंटीवर असते.

सांगायचं तुमचं म्हणणं मला पटतं, पण जमत नाही. तिला मी लहानपणापासून सगळ्या गोष्टी सांगत आलो आणि ही पहिलीच अशी आहे की तोंड उघडलं की मागे फिरतो. थोडं थांबा.

पुढच्या रविवारी तिचा सामना बघायला येतोय. आईचा कडाडून विरोध आहे. वजन इतकं उतरलंय की शर्ट हँगरवर लटकल्यासारखे दिसतात. पण मी शिंपी आहे, मला कसली अडचण? दोन दिवस बसून चांगले शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतले. खांदे उसवून पुन्हा बसवले, कॉलर लहान केली, पँटची कंबर आवळली. आतलं जादा कापड मात्र कापलं नाही, दुमडून टीप मारली. समजा बरा झालो, तर परत सोडता यायला हवं ना. आरशात बघितलं तर तोच माणूस, धुऊन जरा आटलेला. तिच्या आईला रडू फुटलं. मी म्हटलं, आयुष्यभर लोकांची सुटलेली पोटं झाकली, आता माझं नसलेलं पोट झाकतोय, त्यात काय एवढं.

आवाजासाठी मफलर आहे. सर्दी म्हणेन. तिथे भेटलो तर नुसता नमस्कार करा, ओळख दाखवू नका.

भिंगरीचा बाप

*

४ सप्टेंबर

काका,

तुम्ही सांगितलं होतं तसा नुसता नमस्कार केला आणि पुढे सरकले. शर्टाला दाद देते. कोचसर मला म्हणाले, सात नंबरचे वडील किती टापटीप राहतात.

सामना संपल्यावर ती तुमच्याकडे धावत आली आणि तुमच्या गळ्यात पडली. बराच वेळ सोडत नव्हती. नंतर बसपर्यंत तुम्हाला सोडायला आली आणि परतताना एकटीच मैदानाला चक्कर मारून आली. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद आहे.

त्यानंतरही फीत हिरवीच आहे. पण काका, फीत हिरवी आणि हाताला लागतं ते वेगळं. रोज मालिश करताना तिच्या मांड्या लाकडासारख्या लागतात. झोप लागत नाही असं खोलीतल्या मैत्रिणीने सांगितलं. परवा सरावात डावीकडून आलेला चेंडू तिला दिसलाच नाही, आणि डावीकडचं तिला सगळ्यांआधी दिसायचं. मी विचारलं तर म्हणाली, अभ्यासाचं टेन्शन आहे. मी माझा नियम पाळला, खोदून विचारलं नाही.

मला भीती वाटते. आता तरी सांगा. तुम्हाला बोलवत नसेल तर काकूंना सांगू द्या. मी तिच्याजवळ बसेन.

फिजिओ

*

१५ सप्टेंबर

फिजिओताई,

हे तिची आई लिहितेय, मी सांगतोय. बोटांना खडूसुद्धा जड झालाय.

अभ्यासाचं टेन्शन खरंच असणार. गणिताचं पुस्तक बघितलं की तिला लहानपणीही ताप यायचा. तुम्ही उगाच वाकडा अर्थ काढू नका. त्या दिवशी गळ्यात पडली ती प्रेमाने. तिला काही कळलं असतं तर तिथल्या तिथे भांडली असती. माझी मुलगी आहे, पोटात काही राहत नाही तिच्या.

आता उपांत्य सामना तोंडावर आलाय. तो झाला की मी स्वतः तिथे येईन, तिला मैदानाच्या कडेला बसवीन आणि माझ्या तोंडाने सांगेन. तुम्हाला शब्द देतो. एवढा एक सामना तिला मोकळ्या पायाने खेळू दे. याच्यासाठी ती लहानपणापासून माझ्या खोलीत चिंध्या तुडवत आलीये.

भिंगरीचा बाप

ता. क. वरचं सगळं यांचं आहे. मला हे पटत नाही, पण घरात बहुमत नेहमी एकट्या यांचंच असतं. मी काय करू ते सांगा. — तिची आई

*

२९ सप्टेंबर

काका, काकू,

फोनवर काकूंना जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. काका, तुम्ही दवाखान्यातून परत आलात की वाचाल म्हणून बाकीचं लिहून पाठवतेय. कोणाकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

उपांत्य सामन्यात तिला कोणी धक्का दिला नाही. समोरची मुलगी दोन हात लांब होती. भिंगरीने चेंडू घेतला, नेहमीची गिरकी घ्यायला उजवा पाय रोवला आणि अंग वळलं, पाय तिथेच राहिला. बाहेर बसलेल्या मला आवाज आला. वाळलेली काडी मोडल्यासारखा.

मी पोचले तेव्हा तिने गुडघा धरला नव्हता, दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. पहिलं वाक्य म्हणाली, बाबांना सांगू नका. गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट तुटलाय. कालच ऑपरेशन झालं, नीट झालं. वर्षभर खेळता येणार नाही, पुढचं पुढे.

त्या दिवशी सकाळीही तिच्या खुंटीवर हिरवी फीत होती. काका, हे सगळं मी शिकले आहे, शिकवते, भर सभेत तुम्हाला सांगितलं. आणि तरी मी फितीकडे बघत बसले, पोरीकडे बघितलं नाही. माझ्या बोटांना कळलं होतं. मी नियमाच्या मागे लपले. मला माफ करा असंही म्हणवत नाही.

तिने कागद मागितलाय. तुम्हाला लिहायचंय म्हणते. मी तिला काहीही सांगितलेलं नाही.

फिजिओ

*

१ ऑक्टोबर

बाबा,

मला माहीत होतं.

तुम्ही सामना बघायला आलात तेव्हा मी तुमच्या गळ्यात पडले आणि माझे हात तुमच्या पाठीमागून दोन्ही बाजूंना आले. शर्टाच्या आत दोन्हीकडे जाड दुमड लागली, वरून खालपर्यंत, कडक नवी टीप. बाबा, मी तुमच्या मशीनखाली वाढलेली मुलगी आहे. माणसाने कधी शर्ट आत घ्यायला लावला तर तुम्ही मला काय सांगायचात? एक तर त्याचं लग्न ठरलंय, नाहीतर त्याला काहीतरी झालंय. तुमचं लग्न तर झालेलं होतं.

तेव्हाच विचारणार होते. पण तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही इतके खूश होता, मला काही कळलं नाही असं वाटून. इतकी मेहनत घेऊन शिवलेलं होतं, माझ्याने उसववलं नाही. बसपर्यंत तुमच्याबरोबर हसत आले आणि मग मैदानाला चक्कर मारत रडले.

त्यानंतर आठवड्याभरात आईने फोनवर विचारलं, फीत हिरवीच लावतेस ना? मी घरी फितीबद्दल कधी बोलले नव्हते. म्हणजे फिजिओताई तुम्हाला कळवतात, हे मला समजलं. मग मी रोज हिरवी लावली. तुम्हाला बघायला मिळावी म्हणून लावली, बाबा. वाटायचं, मी पिवळी लावली तर तुमचं जेवण जाणार नाही. ताईंवर रागवू नका. त्या चांगल्या आहेत, मीच त्यांना थापा मारल्या.

आईचा फोन आला की मी आईचं काही ऐकत नव्हते, मागचं मशीन ऐकत होते. ते चालू असलं की दिवस निघायचा. सामन्याच्या सकाळी फोन आला आणि मागे मशीन नव्हतं. मी आईला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मी हिरवी फीत अडकवली आणि खेळायला गेले. मैदानावर केवढा गोंगाट होता, आणि मी त्यात सारखी ते मशीन शोधत होते. चेंडू आला तेव्हासुद्धा.

आता मला सगळं खरं लिहा. तुम्हाला किती दुखतं, ते लिहा. मला भीती वाटतेय. तुमच्याजवळ यायचंय आणि इथे पाय वर टांगून ठेवलाय.

तुमची भिंगरी

*

६ ऑक्टोबर

भिंगरे,

पत्र आईने वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिला शेवटपर्यंत वाचता आलं नाही, मग मी घेऊन वाचलं. हे मी माझ्या हाताने लिहितोय, अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला सवय झालीये.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मला दवाखान्यात नेलं होतं, म्हणून मशीन बंद होतं. आई म्हणाली, शेजारच्या कोणाला तरी चालवायला बसवू का? म्हटलं, नको, भिंगरीला पायाचा ताल कळतो. बघ, एवढं कळत होतं मला आणि बाकीचं कळलं नाही.

तू विचारलंस म्हणून खरं लिहितो. गिळताना फार दुखतं. झोपल्यावर दम लागतो. बरा होणार नाही. मरायची भीती आधी वाटत होती, आता कमी वाटते. तुला न भेटता जायची वाटते.

तुझ्या डोक्यावर ओझं नको म्हणून मी गप्प बसलो, आणि ते सगळंच्या सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवून आलो. दोघं मिळून उचललं असतं तर तुझा गुडघा शाबूत असता की नाही, ते तुझी ताई सांगेल. पण तू एकटी तरी नसतीस. माझ्या पोटात काही राहत नाही असं लोक म्हणतात, तुझ्याबद्दलही मी तेच सांगत फिरलो. दोघंही खोटे निघालो.

डॉक्टर सोडतील तेव्हा ये. कुबड्या नीट वापर, पायऱ्यांवर घाई करू नकोस. मी आता तुझ्यासमोर आटलेला शर्ट घालणार नाही. जसा आहे तसा, सैल शर्टात बसेन. हसायचं नाही.

तुझे बाबा

*

१९ ऑक्टोबर

फिजिओताई,

तुम्ही फोन केलात तेव्हा मी तो आईकडे दिला. आज लिहितेय.

डॉक्टरांनी सोडलं त्याच दिवशी निघालो. मला न्यायला आलेल्या मामाने गाडीच्या मागच्या सीटवर मला आडवं बसवलं, पाय उशीवर. रस्ताभर तो बोलत होता, बाबा काल कसे थोडं बसले, माझ्याबद्दल विचारलं वगैरे. मग एका वळणावर त्याला फोन आला. त्याने गाडी बाजूला घेतली, बाहेर उभा राहून बोलला, आणि आत येऊन माझ्याकडे न बघता गाडी सुरू केली. मी म्हटलं, मामा, आता तू तरी लपवू नकोस. तेव्हा त्याने सांगितलं.

घरी पोचले तेव्हा दारात चपला होत्या. मला खाली वाकता येत नव्हतं. बाबांना जमिनीवर ठेवलं होतं आणि मला त्यांच्याजवळ बसता येईना, गुडघा वाकत नाही ना. मामाने आणि शेजारच्या काकांनी धरून मला त्यांच्या शेजारी पाय लांब करून टेकवलं. तशी बसून राहिले. इतकी वर्षं पळाले आणि शेवटी चार तास लवकर पोचता आलं नाही.

माझं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं आणि त्यांचं माझ्यापर्यंत, एवढंच झालं. आई म्हणते, तेवढं तरी झालं. मला ते तेवढं पुरत नाही.

तुम्ही लिहिलंय की चूक तुमची. आई म्हणते तिची. मी म्हणते माझी. बाबांनी तर आधीच स्वतःची म्हणून लिहून ठेवली. आम्ही चौघांनी एकमेकांना जपलं, ताई, आणि ज्याचं त्याचं दुखणं ज्याच्या त्याच्याकडेच राहिलं. तुमच्यावर माझा राग नाही. पुढच्या मुलींना मात्र कारण विचारा. खोटं सांगतील, तरी विचारा.

घरूनही रोज फीत कळवायची असं तुम्ही बजावलं होतं. माझी लाल आहे. उद्याही लालच असेल. तुम्ही सांगितलेले व्यायाम करते, रडत रडत करते, पण करते.

काल शिवणाच्या खोलीत गेले. मशीनवर त्यांचा निळा शर्ट होता, सामन्याला घालून आले होते तोच. डावी बाजू वरपासून खालपर्यंत उसवलेली होती, दोऱ्याचे तुकडे अजून खाली पडलेले. उजव्या बाजूची टीप तशीच होती, पहिल्या दोन बोटांपुरती सुटलेली. आईने सांगितलं, मी येणार म्हणून कळल्यावर ते उठून बसले होते, एक बाजू झाली आणि दमले, म्हणाले उरलेली उद्या करतो.

मी पाय स्टुलावर ठेवून बसले आणि दुसरी बाजू उसवली. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निळं आहे, तिथे ऊन लागलेलं नाही. मग इस्त्री केली. आता तो शर्ट पूर्वीच्या मापाचा झालाय, त्यांच्या चांगल्या दिवसांतल्या. आई म्हणते घडी करून कपाटात ठेव. मी अजून ठेवलेला नाही.

तुमची भिंगरी